दारातली गाय

व्हिम हा मजकूर-संपादक उघडला की जुनी, कोरडी सूचना दिसायची: आवृत्ती, मदत कशी मिळवावी आणि युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. ब्राम मोलेनार यांनी 1991 मध्ये हा प्रोग्रॅम आणला. निदान त्या सूचनेतून कुणाच्या पोटात दोन घास तरी जात. मग लोकांना ते ओकंबोकं वाटलं आणि स्टार्टिफायसारखी प्लगिनं, म्हणजे जोडप्रोग्रॅम, आली. आता संपादक उघडताच अक्षरांची गाय एक सुभाषित ऐकवते, खाली अलीकडच्या फायलींची क्रमांकित यादी. काही नव्या प्लगिनांत तर तळाला किती प्लगिनं किती मिलिसेकंदांत चढली याचा हिशेबही असतो. लिहिण्याआधीच वेगाचं प्रशस्तिपत्र!

यादी तरी कामाची आहे, असं कुणी म्हणेल. आहेच, पण जुन्या फायली व्हिम मुळातच लक्षात ठेवतो, आज्ञा दिली की दाखवतो. कोऱ्या पानाची धास्ती कमी होते म्हणावं, तर गाय रोज बोलते आणि पान कोरंच राहतं. सजावट ही हौस आहे, हे कबूल केलं की भांडण मिटलं. तिला उत्पादकता म्हणू नये एवढंच. सुचण्यासाठी सजावट लागत नाही: 1880 मध्ये असोद्यात जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. जात्यावर, शेतात ओव्या सुचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी त्या टिपल्या, 1952 मध्ये पुस्तक निघालं. तिथे स्वागताला होती ती पाटीभर ज्वारी, आणि ती दळल्याशिवाय भाकरी नव्हती.