काही करत नाही हो ती!

कुत्रा पाळणारी माणसं तुम्हाला ठाऊकच आहेत. आपण फाटक उघडतो, ते जनावर छातीवर दोन पाय टेकून आपल्या गळ्याचं माप घेत असतं आणि मालक व्हरांड्यातून, हातातला चहा जराही न सांडता, सांगतो, "काही करत नाही तो!" आमचे भाऊ याच पंथातले. फरक एवढाच, की ते न्यू जर्सीत एडिसनला, आमच्या जवळच राहतात आणि त्यांच्याकडे कुत्रा नाही. टॅरँट्युला आहे. तळहाताएवढा केसाळ कोळी, आणि तोही मादी. "घरी कोळीण आलीय," असं भाऊंनी पहिल्यांदा फोनवर सांगितलं, तेव्हा आमची ही पापलेटासाठी वाटण काढायला उठली होती.

ही कोळीण मूळची चिलीची. भाऊंच्या मुलानं तिचं नाव रोझी ठेवलं, भाऊंनी सखू केलं. भाऊंकडे सत्यनारायण असो की वाढदिवस, प्रसाद पोटात गेला की पुढचा कार्यक्रम ठरलेला. "हात धुऊन या. आता सखू." मग पाहुण्याला गालिच्यावर मांडी घालून बसवतात. मला आधी वाटलं, चक्कर आली तर लागू नये म्हणून ही आपली काळजी. छे! उंचावरून पडली तर सखूचं पोट फुटतं म्हणून. पाहुण्यानं कुठूनही पडावं.

बसल्यावर सूचना. हात हलवायचा नाही. तिच्यावर श्वास सोडायचा नाही.

"मग सोडू कुठे?"

"तिकडे. मान वळवून."

तिला म्हणे नीट दिसत नाही. सगळा कारभार अंगावरच्या केसांना जाणवणाऱ्या कंपनांवर. म्हणजे माझा थरथरणारा हात हा तिच्या दृष्टीनं भूकंप. भाऊ मऊ ब्रशनं मागून हलकेच ढोसतात. ती एक पाय उचलते, थांबते, मग दुसरा. आठ पायांचा विचार होईपर्यंत माझे केस पिकायचे ते पिकतात. एकदा तेवढ्यात मागे कुणीतरी शिंकलं, आणि मनगट, कोपर, दंड अशी मधली स्टेशनं न घेता सखू झब्ब्याच्या बाहीत शिरली.

"काही करत नाही हो ती," भाऊ बाहीत डोकावत म्हणाले. "घाबरलीय बिचारी!"

त्या घरात घाबरण्याचा मान तिचा.

ती मागच्या पायांवर उभी राहून दात दाखवते, तेव्हाही ती काही करत नाही, "आळस देतेय." मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडते, ते कुसळांसारखे कातडीत रुततात आणि माणूस तीन दिवस खाजवतो, तेव्हाही "केस झाडले फक्त." शेवटी मी पुरावाच काढला. 2009 साली इंग्लंडात लीड्सच्या एका माणसाच्या डोळ्यात अशाच चिलीच्या कोळिणीचे केस घुसले. तिच्या टाकीची काच पुसत होता बिचारा. प्रकरण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चष्मा घातला होता त्यानं?"

"नाही."

"मग!"

गेल्या हिवाळ्यात सखूनं अन्न सोडलं. विकत आणलेले रातकिडे तिच्यासमोर फेऱ्या मारायचे, ही ढुंकून बघेना. महिना गेला, दोन गेले. "चातुर्मास धरलाय," भाऊ सांगायचे, "फक्त महिने चुकलेत." आणि एका रात्री दीड वाजता फोन आला.

"जरा येता का? ती काही करत नाहीये."

बर्फातून सपाता घालून गेलो. सखू उताणी, आठही पाय वर. भाऊ गालिच्यावर मांडी घालून. कबूल करायला लाज वाटते, पण त्या बाहीच्या प्रसंगानंतर मी चोरून बरंच वाचलं होतं. मरायला टेकलेला टॅरँट्युला सहसा पाय पोटाखाली मुडपून घेतो. उताणा होतो तो कात टाकायला. तसं सांगितलं. भाऊंचा विश्वास बसला नाही. मी मांडी घातली.

भाऊ बोलू लागले. मुलानं ती सोळाव्या वर्षी घेतली होती, शेजाऱ्यांची हिरवळ कापून जमवलेल्या पैशांतून. आता तो सिअ‍ॅटलला. तिथल्या भाड्याच्या घरात प्राणी चालत नाहीत. दर रविवारी फोन करतो.

"काय म्हणतो?"

"पहिला प्रश्न, रोझी कशी आहे."

"आणि दुसरा?"

"दुसरा नसतो," भाऊ काचेकडे बघत म्हणाले. "पण दहा मिनिटं बोलतो. काय खाल्लं, कुठे बसली, कुणाच्या अंगावर चढली. सांगायला काहीतरी लागतं हो."

माझी बाही किती मिनिटांना पुरली, ते मी विचारलं नाही.

पहाटे जुन्या कातेतून सखू एकेक पाय सोडवत बाहेर आली. ओली, मऊ, नवी कोरी. दहा दिवस भाऊंनी तिला कुणाच्या हातावर दिलं नाही. कात आठ पायांसकट पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवलीय. पुढच्या सत्यनारायणाला ती बघावी लागणार, तयारीत राहा.

त्या रविवारचा फोन चाळीस मिनिटं चालला.