दिवाणखान्याचा पंखा : निवड, प्रतिष्ठापना आणि देखभाल

नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात वाऱ्यासाठी पंखा लावण्याची चाल आता मागे पडली आहे. पंखा हा छताचा दागिना आहे. त्यातून वारा आलाच तर तो योगायोग समजावा. हे तत्त्व ज्यांना पटत नाही त्यांनी पुढे वाचू नये. तीन पात्यांचा, 1200 मिलिमीटर व्यासाचा तपकिरी पंखा त्यांना कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात अजूनही मिळतो.

प्रथम रंग. पांढरा आणि तपकिरी पंखा भाड्याच्या घरात शोभतो. आपण मॅट काळा घ्यावा, त्यावर धूळ फार उठून दिसते. लाकडी हवा असल्यास वॉलनट फिनिश मागावे. ही पाती बहुधा प्लॅस्टिकची असतात, म्हणून पाहुण्यांसमोर त्यांवर टिचकी मारू नये. ज्यांना पंखा आणि झुंबर यांतले काहीच सोडवत नाही, त्यांच्यासाठी बंद केल्यावर पाती मिटून घेणारा झुंबर-पंखा आहे. चालू असतानाही त्याचा स्वभाव तसा मिटलेलाच असतो.

पाती किती असावीत, हा प्रश्न अमेरिकेकडे पाहून सोडवावा. तिकडे चार-पाच पात्यांचे पंखे चालतात, कारण खोली गार करायला एसी असतो. पंख्याने फक्त हवा हळूहळू, गुपचूप खेळवायची असते. आपल्याकडे त्याला घाम वाळवायचा असतो. पंखा खोली गार करत नाही, माणसाला करतो. पाते वाढले की मोटरवर ओढ वाढते आणि वेग घटतो. तरी पाचच घ्यावीत. मोजणारे मोजतात.

आता उंची. या बाबतीत घाई करू नये, कारण बहुतेक घरांची शोभा इथेच पूर्णत्वाला जाते. स्लॅब साडेनऊ फुटांवर असतो. त्याखाली पीओपी करून आठ इंच खर्ची घालावेत. उरल्या उंचीत रॉड लावला की पंखा खाली येतो आणि कोव्ह लाइटची रेष मोडते, असे इंटिरियरवाले सांगतात. म्हणून बिनरॉडचा, छताला चिकटलेला पंखा निवडावा. पंखा हवा वरून ओढून खाली ढकलतो. पात्यांच्या वर साधारण फूटभर मोकळी जागा नसेल तर तो ओढणार कुठून, हा वायरमनचा प्रश्न. वायरमनला डिझाइनमधले कळत नाही, असे म्हणून त्याला चहा द्यावा. स्पॉटलाइट मात्र नेमके पात्यांच्या घेरात, पात्यांच्या वर बसवून घ्यावेत. मग पंखा फिरताच उजेड लुकलुकू लागतो आणि पाहुणे वेळेवर घरी जातात.

रिमोट हवाच. नव्या, कमी विजेवर चालणाऱ्या बीएलडीसी मोटरला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून टाकावा लागतो. रेग्युलेटर भिंत सोडून जात नसे. रिमोट सोफ्याच्या फटीत राहायला जातो. त्यावर पंखा उलटा फिरवण्याचे बटणही असते. थंड प्रदेशांत हीटर लावलेल्या घरात छताशी साठलेली ऊब खाली आणायला त्याचा उपयोग होतो. नागपुरात मे महिन्यात नातवाने ते दाबले तर प्रथम बटण तपासावे, मग कंपनीला फोन करावा.

ज्येष्ठांना किंमत सांगण्याआधी विजेचा हिशेब मांडावा. जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी 30 च्या आसपास. रोज बारा तास चालवला तर महिन्याला 27 युनिटच्या जागी सुमारे 11. हिशेब खरा आहे. मुंबई आयआयटीत शिकलेल्या तरुणांची ॲटमबर्ग ही कंपनी याच मोटरवर मोठी झाली. पण हीच मोटर साध्या तीन पात्यांच्या पंख्यातही मिळते, आणि तो बराच स्वस्त पडतो. ही माहिती आपण होऊन देऊ नये.

दुकानात पंखे छताला ओळीने, बंद लटकत असतात. ते तसेच पाहावेत. खोके वाचू नये. 2023 पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचे आहे आणि मिनिटाला किती घनमीटर हवा मिळते भागिले किती वॅट लागतात, यावर तारे ठरतात. हवेचा आकडा खोक्यावर छापलेला असतो. साध्या 1200 मिलिमीटरच्या पंख्याचा तो दोनशेच्या वर असतो. आपल्या पंख्याचा वाचल्यास निवडीत विनाकारण व्यत्यय येतो.

देखभाल सोपी आहे. घडवंचीवर चढून पात्याला उशीचा जुना अभ्रा घालावा आणि पुसत ओढावा. धूळ अभ्र्यात राहते. पाच पात्यांना हे पाचदा करावे लागते.

उतरवलेला तपकिरी पंखा भंगारवाल्याला देऊ नये. कंडेन्सर बदलून तो आतल्या खोलीत लावावा. रात्री सगळे घर तिथेच झोपायला येईल, तेव्हा गाद्या आधीच जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात.