अकरा महिन्यांचं लाइटरूम

फोटो काढणाऱ्यांच्या कुठल्याही ग्रुपात एक काका असतातच. कॅमेरा कुठला घ्यावा, लेन्स कुठली घ्यावी, यावर ते मोजकंच बोलतात. पण कोणी चुकून "मी सबस्क्रिप्शन घेतलंय" म्हणालं, की ते चहाचा कप खाली ठेवतात आणि विचारतात, "म्हणजे भाडं भरतोस?" समोरचा तिथेच निम्मा होतो.

आमच्या ओळखीतले काका कोथरूडचे, सरकारी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी जन्मात कशाचं भाडं भरलेलं नाही. घेतलेलं मात्र आहे. वारज्यातला दुसरा फ्लॅट ते अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर देतात. दर नूतनीकरणाला दहा टक्के वाढ, सहा महिन्यांचा लॉक-इन, आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही. लाइटरूमचा, म्हणजे अ‍ॅडोबीच्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरचा, विषय निघाला की मात्र हाच माणूस कूळकायद्याच्या बाजूने उभा राहतो. कसेल त्याची जमीन, तसा घासेल त्याचा स्लायडर!

या दुखण्याचं मूळ जुनं आहे. मे २०१३ मध्ये अ‍ॅडोबीने जाहीर केलं की फोटोशॉप वगैरे मंडळींच्या पुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. लाइटरूम तेवढं वाचलं. एप्रिल २०१५ मध्ये आलेलं लाइटरूम ६ एकरकमी पैसे मोजून घेता येत होतं, आणि काकांनी ते घेतलं. त्याचं खोकं, डीव्हीडी आणि पावती गोदरेजच्या कपाटात फ्लॅटच्या इंडेक्स टूशेजारी, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत आहे. सीरियल नंबर ते दर जानेवारीत जुन्या कालनिर्णयावरून नव्या कालनिर्णयावर उतरवतात, गॅस नोंदवल्याच्या तारखांच्या वर. काकूंनी एकदा त्यावर दुधाचा हिशोब लिहिला होता. त्या दिवशी घरात जेवण उशिरा झालं.

ऑक्टोबर २०१७ मध्ये कळलं की सहानंतर सात येणार नाही. डिसेंबरात ६.१४ ही शेवटची सुधारणा आली. काकांनी ती उतरवून घेतली आणि त्या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायरच काढून टाकली. "आता कोणाच्या बापाला यात हात घालता येणार नाही." २०१८ च्या अखेरीस लाइटरूम ६ मधला गूगलचा नकाशा बंद पडला तेव्हा जगभरचे सहावाले हळहळले. काकांना पत्ताच नव्हता. वायर काढलेली होती.

मालकीच्या या सुखात खडा पडला तो मुलाच्या प्रेमामुळे. मुलगा अमेरिकेहून आला तो कॅननचा नवा मिररलेस कॅमेरा घेऊन. त्याच्या रॉ फाइली सीआर-थ्री जातीच्या, म्हणजे २०१८ पासूनच्या. लाइटरूम ६ ने त्यांना ओळखच दिली नाही. यावर फुकटचा इलाज आहे. अ‍ॅडोबीचाच डीएनजी कन्व्हर्टर नव्या फाइलींची जुन्यांना कळेल अशी प्रत काढून देतो. भिगवणचे रोहित पक्षी टिपून आल्यावर काका तो लावून झोपत. सकाळी एकेका पक्ष्याच्या दोन-दोन फाइली तयार असत आणि हार्ड डिस्क भरलेली असे. मूळ पुसायला मन धजेना, प्रत पुसली तर फोटो उघडेना.

मग एके दिवशी त्यांनी गुपचूप सबस्क्रिप्शन घेतलं. गुपचूप म्हणजे ग्रुपपासून; काकूंनी ते कार्डाच्या स्टेटमेंटवर त्याच महिन्यात पकडलं. "भाडेकरू झालात होय?" एवढंच त्या बोलल्या.

रोहित उत्तरेकडे परतले, तसा काकांनाही सोडून जायचा विचार आला. तेव्हा त्यांनी करार पहिल्यांदा वाचला. योजना वर्षाची होती, महिन्याला होता तो फक्त हप्ता. मध्येच सोडायचं तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम भरायची. ही अट ग्राहकापासून दडवली जाते म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून तिथल्या सरकारने जून २०२४ मध्ये कंपनीवर खटला भरला, ती बातमी काकांनी ग्रुपवर टाकली. त्याच संध्याकाळी वारज्याचा भाडेकरू चावी द्यायला आला, लॉक-इन संपायला दोन महिने बाकी असताना. काकांनी दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापलं.

भाडेकरू पोरगा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा, शांत स्वभावाचा. तो म्हणाला, "काका, ठीक आहे, करारात आहे. पण तुमच्या त्या खोक्यातल्या डीव्हीडीवरही मालकी कंपनीचीच असते. तुम्हाला फक्त वापरायचा परवाना दिलाय."

काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "परवाना असेल. पण खोकं माझं आहे ना?"

यावर हिंजवडीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

तेव्हापासून काकांचं आलटून-पालटून चालू आहे. एक वर्ष भाड्याने काढायचं, वर्ष भरताच सोडायचं, काही महिने स्वतःच्या सहामध्ये ताठ मानेने राहायचं, आणि ज्येष्ठाच्या अखेरीस दिवे घाटात पालखी चढली की पुन्हा कार्ड काढायचं. यात पैसे वाचतात की जातात, हे विचारायची सोय नाही. बँकेतला माणूस असूनही त्यांनी हा हिशोब कधी मांडलेला नाही, यातच काय ते समजावं.

अडचण परतीच्या वाटेवर येते. नव्या आवृत्तीचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंची आणि त्यांच्यावरच्या बदलांची नोंदवही, जुन्यात उघडत नाही. २०२१ मध्ये आलेल्या आवृत्तीत एका क्लिकवर आकाश वेगळं काढता येतं. सहाला त्या आकाशाचा गंधही नाही. त्यामुळे काकांच्या डेस्कटॉपवर "मुख्य", "मुख्य-नवा", "मुख्य-नवा-खरा" आणि "उघडू नये" असे चार कॅटलॉग आहेत. नातवाच्या मुंजीत बटूचं सोवळं "मुख्य"मध्ये पिवळं आहे आणि "मुख्य-नवा"मध्ये पांढरं. खरं कुठलं हे गुरुजींना विचारावं लागेल. हवा असलेला फोटो नेहमी "उघडू नये"मध्ये सापडतो.

वर्गणी संपल्यावरही नवं लाइटरूम क्लासिक पूर्ण मिटत नाही. फोटो सुधारायच्या डेव्हलप विभागाचा दरवाजा बंद होतो, पण लायब्ररी उघडी राहते आणि तिच्यातलं क्विक डेव्हलपही चालतं. हा शोध लागला तेव्हा काकांना झालेला आनंद मी पाहिला आहे. एक पैसा न देता त्यांनी तेवढ्या ओसरीवर एक अख्खा पावसाळा काढला. वारज्यात कोणी असं राहिलं असतं तर त्यांनी वकील गाठला असता.

इतर वाटा त्यांना सांगून झाल्या. डार्कटेबल फुकट आहे, पण "तक्रार कोणाकडे करायची?" अफिनिटी त्यांनी एकदा विकतही घेतलं होतं, २०२२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि तिचे पुन्हा पैसे पडले, तेव्हा मालकीचीही एक्सपायरी असते हे त्यांना कळलं. २०२५ मध्ये तेच अफिनिटी फुकट झालं, तर आता संशय वेगळाच: "फुकट राहू देणाऱ्या घरमालकाचा डोळा कशावर असतो, मला विचार."

सध्या काका सहामध्ये आहेत आणि प्रसन्न आहेत. फक्त त्या जुन्या कॉम्प्युटरचा डीव्हीडी ड्राइव्ह आता आवाज करतो आणि डीव्हीडीवर एक चरा दिसू लागला आहे. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर लाइटरूम ६ चं खोकं धूळ खात पडलं असेल, तर रद्दीत घालू नका, आम्हाला कळवा. काका योग्य किंमत देतील. फक्त एकरकमी घ्या, हप्त्याचं नाव काढू नका.