लॅपटॉप-बदलाच्या अर्जाची चौकशी : शिरूर व दौंड तालुक्यांतील गृहस्थांसाठी नियमावली

ज्या गृहस्थाचा लॅपटॉप सुरळीत चालू आहे, ज्याच्याविषयी काल सायंकाळपर्यंत त्याची कसलीही तक्रार नव्हती, परंतु त्याच नावाच्या लॅपटॉपाची ताजी आवृत्ती बाजारात दाखल झाल्याचे वृत्त आज सकाळी कानी पडताच ज्यास आपले यंत्र अकस्मात मंद, जड आणि किंचित अप्रतिष्ठित भासू लागले आहे, अशा गृहस्थाच्या हितार्थ प्रस्तुत नियमावली सिद्ध करण्यात येत आहे. तिचा अंमल तूर्त शिरूर व दौंड या दोन तालुक्यांपुरता राहील. पुणे शहरातील इसमास दुकान हाकेच्या अंतरावर असल्यामुळे त्याचा मोह आणि त्याची खरेदी यांच्या दरम्यान चौकशीला जागाच उरत नाही; घोड नदीच्या किंवा भीमेच्या काठी राहणाऱ्यास मात्र मोहाची बजावणी करण्यासाठी निदान अर्धा दिवस खर्ची घालावा लागतो, आणि तेवढ्या अवधीत रीतसर चौकशी सहज आटोपता येते. ही सवलत या दोन तालुक्यांस भूगोलाने दिलेली आहे. तिचा लाभ घेतला जात नाही, एवढीच खंत.

प्रारंभीच एक गोष्ट नमूद करणे इष्ट आहे. नवा लॅपटॉप घ्यावा की न घ्यावा हा प्रश्न मनात उद्भवतो, तेव्हा त्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते आणि उरलेला काळ कारणे जमविण्यात जातो. सबब या नियमावलीत इच्छेची चौकशी मुळीच ठेवलेली नाही. चौकशी करावयाची ती कामाची. कारण इच्छा ही कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे दरसाल नवी होते, आणि काम मात्र आपल्या स्वतःच्या गतीने बदलते.

कलम १ : अर्जदाराचा व्यवसाय

अर्जदाराने आपल्या लॅपटॉपावर गेल्या महिन्यात प्रत्यक्ष काय काम झाले, त्याचा तपशील कोऱ्या कागदावर लिहावा. ‘पुढेमागे व्हिडिओ एडिटिंग करण्याचा विचार आहे’ अशा स्वरूपाची भावी कामे त्यात दाखल करू नयेत. शिरूरच्या तहसील कचेरीच्या आसपास सेवा केंद्र चालविणाऱ्याच्या कागदावर डिजिटल सहीचे सातबारे, उत्पन्नाचे दाखले आणि नानाविध ऑनलाइन अर्ज हीच कामे निघतील. आणि या कामांत जो विलंब होतो तो कोठे होतो, हे तो स्वतःच समोरच्या शेतकऱ्यास ‘काका, सर्व्हर डाऊन आहे, तोवर चहा घेऊन या’ असे दिवसभर सांगून कबूल करीत असतो. पोर्टलावरचे ते गोल फिरणारे चक्र लाखाच्या लॅपटॉपावर अधिक सुस्पष्ट दिसेल, परंतु अधिक लवकर थांबणार नाही.

रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या सुपरवायझरची एक्सेलमधील कोष्टके आणि केडगाव-यवतच्या बाजूस गुऱ्हाळ चालविणाऱ्याचा टॅलीतील हिशेब, ही दोन्ही कामे पाचसहा वर्षांपूर्वीचे यंत्रही तक्रार न करता उरकते. सबब हे अर्ज प्रथमदर्शनी नामंजूर करण्यास हरकत नसावी. उलटपक्षी, ज्यास आपण कधी तांत्रिक पुरुष म्हणून मान दिला नाही, त्या चौकातल्या फ्लेक्सवाल्याचा अर्ज गांभीर्याने घ्यावा. भाऊंच्या वाढदिवसाच्या वीस फुटी फलकावर एक मुख्य चेहरा, चार मार्गदर्शक आणि पन्नासेक शुभेच्छुक, प्रत्येकाचा फोटो निराळ्या मोबाईलने निराळ्या उजेडात काढलेला, असा सर्व समुदाय पार्श्वभूमी कापून कोरलड्रॉमध्ये मानाच्या क्रमाने बसविणे, आणि ऐन छपाईच्या वेळी त्यांतील एकास वगळून दुसऱ्याची प्रतिष्ठापना करणे, याहून जड संगणकीय कार्य या दोन तालुक्यांत क्वचितच चालत असेल.

घरातील चिरंजीवाने ‘पप्पा, प्रोजेक्टला ग्राफिक कार्ड लागतं’ असे निवेदन केल्यास प्रोजेक्टचे नाव विचारावे. नाव सांगण्यापूर्वी तो आईकडे पाहू लागला, तर प्रोजेक्ट हा खेळ आहे असे समजून चालावे.

कलम २ : ‘रिफ्रेश’ची जात

दौंड जंक्शनाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांस हे कलम फारसे समजवावे लागू नये. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला, आणि नगरकडून येऊन पुण्याकडे जाणाऱ्या गाडीस दौंडास थांबून आपले इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास जोडून घ्यावे लागू लागले. डबे तेच, प्रवासी तेच. मघापर्यंत गाडीच्या दिशेने तोंड करून बसलेला मनुष्य तेवढा पाठमोरा पुढे निघे, आणि नवख्यास गाडी परत चालली की काय, अशी धास्ती पडे. पुढे कॉर्ड लाइन टाकण्यात आली, तिच्यावर निराळे स्थानक झाले, आणि अनेक गाड्यांचा हा खटाटोप खरोखरच संपला. लॅपटॉपांच्या रिफ्रेशचेही, म्हणजे ताज्या आवृत्तीचेही, याच न्यायाने दोन वर्ग पडतात : पहिला इंजिन-पालट, दुसरा कॉर्ड लाइन.

इंजिन-पालटाचा दाखला असा. इंटेलने जानेवारी २०२४मध्ये ‘कोअर ५ १२०यू’ हा प्रोसेसर आणला. नावातील सुप्रसिद्ध ‘आय’ गळून पडल्यामुळे आत काही क्रांती घडली असावी, असा ग्रह होणे स्वाभाविक होते. परंतु तपशील मांडून पाहता आधीच्या ‘आय-५ १३३५यू’प्रमाणेच कोअर दहा, आणि कमाल वेग तेवढा ४.६ गिगाहर्ट्झवरून ५वर गेलेला. एएमडीने २०२३च्या रायझन ७००० मालिकेत तर वंशावळ अंकांतच दडविली. पहिला अंक विक्रीच्या वर्षाचा आणि तिसरा अंक आतल्या रचनेचा, अशी ती योजना होती. त्यामुळे ‘७८४०यू’ हा झेन ४ रचनेचा, ‘७७३०यू’ हा झेन ३ रचनेचा, आणि ‘७५२०यू’ हा २०१९ साली प्रथम अवतरलेल्या झेन २ रचनेचा असूनही तिघे एकाच वर्षाचे नवे म्हणून एकाच मांडणीवर उभे राहिले. सबब दुकानात किंमत विचारण्यापूर्वी तिसरा अंक वाचावा.

कॉर्ड लाइनचा दाखला याच्या उलट आहे. ऑगस्ट २०१७मध्ये इंटेलने ‘केबी लेक रिफ्रेश’ या अत्यंत निरुपद्रवी नावाने लॅपटॉपांसाठी आठवी पिढी आणली. सातव्या पिढीच्या ‘आय-५ ७२००यू’मध्ये कोअर दोन होते, आठव्या पिढीच्या ‘आय-५ ८२५०यू’मध्ये ते चार झाले, आणि विजेची मर्यादा कागदोपत्री तीच १५ वॅटची राहिली. म्हणजे जेथे नाव नवे तेथे माल जुना, आणि जेथे नुसता ‘रिफ्रेश’ म्हटले तेथे घर दुप्पट, असा हा व्यवहार आहे. अर्जदाराने नावावर भिस्त न ठेवता कोअर, मेमरी, पडदा, वजन आणि किंमत या पाच बाबी जुन्या-नव्या यंत्रांच्या शेजारी शेजारी लिहून ताळा घ्यावा. पाचांपैकी फक्त किंमतच ठळकपणे वाढलेली आढळल्यास चौकशी येथेच तहकूब करावी.

कलम ३ : जुन्या लॅपटॉपाची कैफियत

कोणाही नोकरास आपली बाजू मांडू न देता बडतर्फ करणे न्यायास धरून नाही, आणि ‘हँग होतो’ ही तक्रार आहे, पुरावा नव्हे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’च्या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट मागविला असता यंत्र स्वतःविरुद्ध लेखी साक्ष देते : बॅटरीची मूळ क्षमता किती होती आणि आता पूर्ण भरल्यावर किती उरते, असे दोन आकडे त्यात येतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर उतरला असेल, तर बॅटरी बदलावी. तिच्या अपराधासाठी पडदा, कीबोर्ड आणि मदरबोर्ड यांस शिक्षा देऊ नये. आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर सेकंदाला सुमारे १०० मेगाबाइटांनी चालणारे वाचन साध्या साटा एसएसडीवरही ५००च्या आसपास जाते, आणि मंदपणाचा आरोप बहुधा तेथेच निकालात निघतो. मेमरी सोल्डर करून पक्की केलेली नसेल, तर ४ जीबीची ८ किंवा १६ करून पाहावी. पंखा घरघरत असल्यास तो आधी साफ करून घ्यावा. उसाच्या गाळपाच्या हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांतून उडणारी काजळी वाळत घातलेल्या धुण्यावर पडते, तशी ती लॅपटॉपाच्या पोटातही जाते, आणि तिचा दोष प्रोसेसरच्या पिढीकडे नसतो.

शिरूरकरांनी या कलमाचे पालन विशेष कसोशीने करावे. त्यांच्याच तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला आणि हाताने वस्तू घडवीत शिकण्याची पद्धत रुजविली. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली, तेव्हा अमेरिकेबाहेरच्या अगदी आरंभीच्या फॅब लॅबांत पाबळची गणना झाली. ज्या तालुक्यास असा वारसा लाभलेला आहे, त्यातील रहिवाशाने तळाचे स्क्रू एकदाही न काढता लॅपटॉप मोडीत काढणे शोभत नाही.

कलम ४ : छिद्रांचा पंचनामा

नवी आवृत्ती जितकी पातळ, तितकी तिच्या कडेची छिद्रे कमी, असा सामान्य नियम आहे. थंब मशीन, डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर आणि गिऱ्हाइकाने रुमालात गुंडाळून आणलेला पेनड्राइव्ह ही सर्व मंडळी अद्याप जुन्या रुंद यूएसबीच्याच आश्रयाने राहतात. तेव्हा नव्या यंत्राची कड दुकानात बोटाने चाचपावी. दोन्ही बाजूंस केवळ यूएसबी-सी आढळल्यास हबाची किंमत लॅपटॉपाच्या किमतीत मिळवावी, आणि ‘पातळ व हलका’ या गुणाच्या मूल्यातून त्या हबाचे वजन वजा करावे.

कलम ५ : जी कारणे मान्य करावीच लागतात

चौकशी म्हणजे सरसकट नकार, असा गैरसमज होऊ नये. विंडोज १०चा नियमित सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांस सुरक्षा-दुरुस्त्यांची १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची मुदतवाढ तेवढी मिळाली. विंडोज ११ला टीपीएम २.० लागते, आणि इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचाच प्रोसेसर चालतो. म्हणजे कलम २मध्ये उल्लेखिलेला २०१७चा तो निरुपद्रवी रिफ्रेशच पुढे प्रवेशाचा उंबरठा ठरला. सातव्या पिढीचा लॅपटॉप बाळगणारा, आणि त्याच्यावर बँकेचे, जीएसटीचे किंवा लोकांच्या आधार क्रमांकांचे काम करणारा गृहस्थ हा मोहग्रस्त नसून कर्तव्यतत्पर समजावा. त्यास लिनक्स सुचविण्यास हरकत नाही. मात्र त्यापूर्वी थंब मशीनची लेखी संमती घ्यावी. फ्लेक्सवाल्याचा अर्ज, आणि बिजागरी तुटून पडदा दोरीने बांधलेल्या विद्यार्थ्याचा अर्ज, हे दोन्ही याच कलमाखाली मंजूर होत.

कलम ६ : जमाखर्च

‘टॅक्समध्ये सुटतो’ हे वाक्य या दोन्ही तालुक्यांतील व्यापारी वर्गात मंत्राप्रमाणे प्रचलित आहे. जीएसटीची नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास धंद्यासाठी घेतलेल्या लॅपटॉपावरील १८ टक्के कराची वजावट मिळते, आणि आयकराच्या हिशेबात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा धरता येतो, हे खरे आहे. परंतु पहिल्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांहून कमी झाला, तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. आणि दिवाळी ते ३१ मार्च हे अंतर १८० दिवस भरत नाही. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावरील सवलतीची टक्केवारी दुकानदार पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लावतो. ही दुसरी टक्केवारी सांगणारा हिशेबनीस मात्र एप्रिलनंतर भेटतो. शिवाय सुटतो तो कर, किंमत नव्हे, ही गोष्ट नोकरदारास सांगावी लागत नाही, कारण त्याचे यातले काहीच सुटत नाही.

कलम ७ : प्रवास

शिरूरास रेल्वे नाही. तेथील अर्जदारास शिक्रापूर, कोरेगाव भीमा, लोणीकंद असे करीत वाघोलीस यावे लागते, आणि ‘नुसता पाहून येतो’ असे घरी सांगून निघालेल्या मनुष्याची रिकाम्या हाताने परतण्याची नैतिक शक्ती वाघोलीच्या कोंडीतच खर्च होऊन जाते. एवढे सोसल्यानंतर काहीतरी पदरात पडलेच पाहिजे, असे त्यास वाटू लागते. दौंडकराची आपत्ती निराळी आहे. त्याची परतीची गाडी ठरलेली असते, त्याची नजर वारंवार घड्याळाकडे जाते, आणि ती नेमकी हेरूनच ‘साहेब, हा रेट फक्त आजचाच’ असे उद्गार काउंटरामागून निघतात. सबब शिरूरकराने शिक्रापूरच्या अलीकडे आणि दौंडकराने यवत स्थानक सोडण्यापूर्वी आपला निर्णय कागदावर लिहून सही करावी, आणि दुकानदार बोलण्यास तोंड उघडेल तेव्हा तो कागद स्वतःशी वाचावा. घरबसल्या मोबाईलवरून मागविणाऱ्यास वाघोली लागत नाही. त्याने खरेदीचे बटण रात्री दहानंतर दाबू नये, एवढाच निर्बंध पुरे.

कलम ८ : अपील

नामंजूर झालेल्या अर्जावर अपील चालेल. अपिलाचा मजकूर अर्जदाराने, दोन पानांहून कमी नाही अशा बेताने, आपल्या जुन्याच लॅपटॉपावर मराठीत टाइप करावा, त्यास कलम ३मधील बॅटरी रिपोर्ट जोडावा, आणि त्याच यंत्रावरून ईमेलने पाठवावा. अपील मुदतीत व सुवाच्य पोचल्यास यंत्र कामास समर्थ असल्याचे त्यावरूनच सिद्ध झाले असे मानून ते फेटाळण्यात येईल. आणि मुळीच न पोचल्यास मंजूर समजावे.