मायनस कशाला, बॉडी हाय की!

रस्त्याकडेला गाडीचं बॉनेट उघडलं की आमच्या मुरुम गावात माणसं बोलवावी लागत नाहीत. पहिला येतो तो "गरम झाली का?" असं विचारतो. दुसरा काहीच न विचारता रेडिएटरचं झाकण चाचपून बघतो. तिसऱ्याचा मेहुणा पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात असतो, त्यामुळे तो थेट निदानच सांगतो आणि ते नेहमी खर्चिक असतं. माझ्या गाडीला काहीही झालेलं नाही हे कळल्यावर या मंडळींचे चेहरे असे पडले की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"मग बॉनेट कशाला उघडलाव सर?"

"बॅटरीपासून आत एक वायर न्यायचीय. रेडिओसाठी."

"रेडिओ हाय की गाडीत!"

होता. पण तो नुसता बोलतो, ऐकत नाही. घरात एवढा अनुभव पुरेसा असताना गाडीतही तेच कशाला, म्हणून मी हॅम रेडिओचा सेट आणला होता.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, मग सरकार एक कॉलसाइन देतं. आपल्याकडे ते बहुधा 'व्हीयू२' किंवा 'व्हीयू३'नं सुरू होतं. त्यानंतर नेमून दिलेल्या लहरींवर जगातल्या कुठल्याही परवानाधारक रिकाम्या माणसाशी बोलायची मुभा मिळते. मात्र धंद्याचं बोलायचं नाही आणि राजकारणाचं तर नाहीच नाही. "मग बोलायचं तरी काय?" हा मुरुमातला पहिला प्रश्न असतो. दुसरा म्हणजे, "मोबाइल असताना कशाला?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या भागात शोधायला लांब जावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपलेली, आणि पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनी भूकंपानं किल्लारी-सास्तूरची घरं बसली. किल्लारी मुरुमाहून सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटर. इथल्या पन्नाशीतल्या माणसाला ती पहाट अजून मिनिटासकट आठवते. पुढे मदतीला जे आले त्यांत हॅम मंडळीही होती, आपापले सेट घेऊन आलेली. आपत्ती कुठलीही असो, आधी वीज जाते, मग फोन जातात, आणि मग ज्याच्यापाशी बारा व्होल्ट आहेत त्याचाच आवाज पोचतो. बारा व्होल्ट प्रत्येक गाडीत असतात, तेही चार्जरसकट. हे सगळं सांगितल्यावर बॉनेटभोवतीची मंडळी थोडा वेळ गप्प झाली. मग मेहुणेवाल्यानं विचारलं, "पण ह्याच्यावर गाणी लागत्यात का?"

गाडीच्या विजेचं काम म्हटलं की मुरुमात मामांकडे जायचं. मामा कुणाचे मामा आहेत हे कुणालाच माहीत नाही, पण ट्रॅक्टरचा सेल्फ असो की टेम्पोचा हॉर्न, हात मामांचाच. लग्नसराईत पिकअपवर डीजे चढवण्यात तर पंचक्रोशीत त्यांना तोड नाही. मी सेट दाखवला. मामांनी तो उलटापालटा करून हातात तोलला, मागचे पंख्यासारखे पत्रे मोजल्यासारखे केले आणि विचारलं, "किती वॅट?"

"पन्नास."

मामा दयेनं हसले. डीजेच्या दुनियेत पन्नास वॅट म्हणजे डासाची गुणगुण. "ह्याला काय वायर वढायची? सिगारेटच्या सॉकेटात खोचा की. मोबाइल चार्ज हुतोय, ह्ये पण चालंल."

सॉकेटात खोचलं की सेट चालतो, हे खरं आहे. ऐकू पण छान येतं. खोच आहे ती बोलण्यात. ऐकताना सेट जेमतेम अर्धा अँपिअर घेतो, पण माइकचं बटन दाबलं की दहा-अकरा अँपिअर ओढतो. म्हणजे दीडशे वॅट खातो आणि त्यातले पन्नास हवेत सोडतो. बाकीच्या शंभर वॅटांवर स्वतःचं डोकं तापवतो. (अशी माणसं आपण प्रत्येक ग्रामसभेत पाहिलेली असतात.) लायटरच्या सॉकेटाला कंपनीनं दिलेली वायर असते बारीक, मागे फ्यूज असतो दहा-पंधरा अँपिअरचा, आणि आतला संपर्क असतो एका स्प्रिंगच्या भरवशावर. मामांनी मीटर लावला. इंजिन चालू, बॅटरीवर १३.८ व्होल्ट. सॉकेटापाशी मी बटन दाबलं तर आकडा घसरत पार बाराच्या खाली आला, सेटनं एकदा डोळे मिचकावले आणि मान टाकली.

"गेला?" मामांनी काळजीनं विचारलं.

गेला नव्हता, त्याला फक्त पोटभर मिळालं नव्हतं.

ही गोष्ट मुरुमातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. डीपीजवळच्या विहिरीवर मोटर पाणी फेकत असते, तेव्हा त्याच लाइनीच्या शेवटच्या माणसाची मोटर नुसती 'हूं' करून बसलेली असते. वीज निघते किती याला काही अर्थ नाही, पोचते किती ते बघायचं. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली, चार मीटर जाताना आणि चार येताना, तर अकरा अँपिअरला दीड व्होल्टाहून जास्त वाटेतच संपतात. तीच वायर चार चौरस मिलिमीटरची घेतली तर साधारण ०.४ व्होल्ट जातात. राजीव गांधी स्वतः हॅम होते, त्यांचं कॉलसाइन व्हीयू२आरजी. दिल्लीहून निघालेल्या रुपयातले पंधराच पैसे लोकांपर्यंत पोचतात, असं १९८५ मध्ये पंतप्रधान असताना ते बोलून गेले, आणि तेव्हापासून सगळे त्याचा राजकीय अर्थ लावत बसले आहेत. मला विचाराल तर तो एका रेडिओवाल्यानं काढलेला व्होल्टेज ड्रॉप होता. इलाजही तोच: वाट आखूड करा, वायर जाड करा आणि मधले सांधे कमी ठेवा.

जाड वायर म्हटल्यावर मामांची कळी खुलली. डीजेवाल्यांच्या कृपेनं त्यांच्याकडे मनगटाएवढ्या वायरीपासून सगळा माल होता. लाल-काळी जोडी त्यांनी मापून तोडली. मग मी फ्यूज मागितला आणि आमचं बिनसलं.

फ्यूज या वस्तूबद्दल मामांचं मत वाईट आहे. त्यांच्या मते फ्यूज म्हणजे चांगलं चाललेलं काम मध्येच बंद पाडायला ठेवलेला माणूस. त्यांच्या टेबलाच्या खणात जळलेले फ्यूज डबाभर आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांच्या पायांना तांब्याची काडी गुंडाळून त्यांचं पुनर्वसन झालेलं आहे.

"सेटात हाय की फ्यूज. बॅटरीपाशी अजून कशाला?"

आता हे समजावणं आलं. सेटाजवळचा फ्यूज सेटाची काळजी घेतो. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीची काळजी घेतो, आणि वायर पेटली तर गाडीच पेटते. इंजिनकडून आत येताना लाल वायर पत्र्याच्या कडेवरून जाते. गाडी आमच्या रस्त्यांवरची, ती कड रोज वायरीवर घासणार. एक दिवस प्लास्टिक फाटून तांबं पत्र्याला टेकलं की बॅटरी काही विचारत बसत नाही. सेल्फ मारताना शंभर-दोनशे अँपिअर देणारी ती वस्तू तेवढेच त्या वायरीतून सोडते. सेटाजवळचा फ्यूज तेव्हा शाबूत असतो आणि गाडी धुमसत असते. म्हणून फ्यूज लाल वायरीवर, बॅटरीपासून वीतभर अंतरात.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, तुमी ट्यूशन घ्याव." फ्यूज मात्र दिला. पंधरा अँपिअरचा, कोरा, वॉटरप्रूफ डबीसकट.

त्यानंतरचा वाद काळ्या वायरीवर झाला. मामांनी काळी वायर बाजूला फेकली आणि या लेखाला मथळा दिला, "मायनस कशाला, बॉडी हाय की!" हे अगदीच चूक नाही. गाडीचा सगळा पत्रा मायनसलाच जोडलेला असतो, दिवे-हॉर्न त्याच्यावरच चालतात. पण सीटखालच्या बोल्टावर रंग असतो, रंगाखाली गंज असतो, आणि वाचवलेले व्होल्ट तिथंच सांडतात. म्हणून जुन्या गाडीत दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत नेतात. त्यातही नव्या गाड्यांनी एक खोडा घातला आहे. त्यांच्या बॅटरीच्या मायनसवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, तो आल्या-गेल्या विजेचा हिशेब ठेवतो. काळी वायर थेट त्या खुंटीवर बांधली की आपली उधारी त्याच्या वहीत पडत नाही आणि त्याचा हिशेब चुकत जातो. तिथं बॅटरीची जाड काळी केबल बॉडीला जिथं बोल्टनं आवळलेली असते, त्या जागी आपली वायर जोडायची. माझी गाडी त्यातलीच निघाली. म्हणजे शेवटी काळी वायर बॉडीलाच लागली. मामांनी एक शब्द काढला नाही, नुसतं हाताखालच्या पोऱ्याकडे बघितलं.

घरून फोन आला तो नेमका पत्र्यातून वायर काढायच्या वेळेला. "अहो, गाडीला भोक पाडणार आहात असं कळलं." मुरुमात हॅम रेडिओची गरज नाही असं जे लोक म्हणतात, त्यांच्या बाजूनं हा एकच मुद्दा बिनतोड आहे. पण भोक पाडावं लागलं नाही. इंजिन आणि पायाकडची जागा यांच्यामधल्या पत्र्यात कंपनीच्या वायरी जाण्यासाठी एक मोठं रबरी बूच असतंच. मामांनी क्लचच्या जुन्या केबलची तार त्याच्या कडेतून आत सारली, पोऱ्या पाय वर आणि डोकं ब्रेकखाली करून पडला होता, त्यानं टोक धरलं. तारेच्या शेपटाला वायर बांधली, टेप मारली, साबणाचं बोट लावलं आणि "वढ!" अशी आरोळी दिली. सरकत वायर आत आली. बाहेर तिच्यावर काळा नळीदार पाइप चढवला, टोकांना लग दाबून बसवले. मामांचा हात कामाला लागतो तेव्हा तो त्यांच्या मतांशी काही संबंध ठेवत नाही. असं सुबक काम मी कंपनीतही पाहिलेलं नाही.

सेट लावला, बटन दाबलं. मीटर १३.३च्या खाली गेला नाही. पण ऐकायला गेलो तर आतून बारीक शिट्टी. ॲक्सिलरेटर दिला की शिट्टी चढायची, सोडला की उतरायची. ही अल्टरनेटरची करामत. मामा त्याला अजून डायनामोच म्हणतात. वायर कंपनीच्या जुडग्यापासून दूर सरकवली तशी ती बरीच कमी झाली. उरलेलीसाठी मी खिशातून फेराइटचा मणी काढून सेटाजवळ वायरीवर चढवला. काळाभोर, गोल, कडी असलेला. मामांनी तो बघितला, समोर लटकणारी लिंबू-मिरची बघितली आणि समाधानानं मान हलवली.

"ह्ये बरं केलाव. नजर लई वाईट आस्ती."

शिट्टी गेली. आता मी विज्ञान सांगितलं असतं तरी ऐकणारं कोणी नव्हतं.

टपावर चुंबकाची अँटेना लागली, जेमतेम हातभर उंच, तेव्हापासून गावात माझा दर्जा बदलला आहे. येणेगूरच्या चौकात एकानं "पोलिसांत लागलाव का?" म्हणून विचारलं. गाडीत रेडिओ स्टेशन हा प्रकार लोकांना अजून पटत नाही. खरं तर १९५५ च्या नोव्हेंबरात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलात ट्रकमध्ये ट्रान्समीटर बसवून गोव्यातल्या पोर्तुगिजांची झोप उडवली होती, आणि गोवा मुक्त होईपर्यंत ते केंद्र बोलत राहिलं. माझ्या गाडीनं अजून कुणाची झोप उडवलेली नाही. शेजारच्यांची उडाली ती सेटानं नव्हे, रिव्हर्स हॉर्ननं.

आता बोलणं कुणाशी होतं, हा प्रश्न राहिला. या सेटाच्या लहरी सरळ जातात, डोंगर-चढ आडवा आला की संपल्या. त्यामुळे लातूर लागत नाही. सोलापूरचं तर नावच नको. पण डोक्यावरून चारशे किलोमीटर उंचीवरनं जाणारं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक लागतं, कारण मध्ये चढ नाही. त्याच्या हॅम रेडिओची एक लहर १४५.८०० मेगाहर्ट्‌झला आहे. २०२५ च्या जुलैत शुभांशू शुक्ला यांनी त्या स्थानकातून आपल्या शाळकरी मुलांशी हॅम रेडिओवरूनच गप्पा मारल्या. स्थानक दीड तासात पृथ्वीला फेरी घालतं, डोक्यावर असतं दहाएक मिनिटं. एका संध्याकाळी कारखान्याच्या रस्त्यावर गाडी उभी करून मामांना शेजारी बसवलं. खरखरीतून त्याचा आवाज वर आला, वाढला, पुन्हा खरखरीत बुडाला. मामा बराच वेळ काचेतून वर बघत होते.

"तिकडं बी बाराच व्होल्ट असतंय का?"

तिकडं सौर पंख्यांवरून येणारी वीज शंभरावर व्होल्टची असते, असं मी सांगितलं. मामांचा लगेच पुढचा प्रश्न आला, "आन् मायनस? बॉडीलाच का?"

तेव्हा वाचकहो, गाडीत असा सेट बसवायचा असेल तर परवाना आधी काढा, वायर जाड घ्या, लायटरच्या सॉकेटावर मोबाइलच चार्ज करा आणि काम खुशाल मामांसारख्या माणसाच्या हातून करून घ्या. फ्यूज मात्र बॅटरीपासून वीतभर अंतरातच लावा, आणि तो उडाला तर आधी का उडाला ते शोधून त्याच आकड्याचा नवा घाला. त्या एका बाबतीत मामांना विचारू नका.