गाणी भरून मिळतील

एसटी स्टँडला लागून असलेल्या मोबाइलच्या टपरीवर हाताने रंगवलेली पाटी असायची : 'रिचार्ज, कव्हर, स्क्रीनगार्ड. गाणी भरून मिळतील.' सायकलीत हवा भरावी, हौदात पाणी भरावं, तशी मेमरी कार्डात गाणी. भाव ठरलेला. दोन जीबीला वीस रुपये, चार जीबीला तीस, ओळखीच्याला पाच कमी. टपरीतला पोरगा मान वर न करता विचारायचा, "भक्ती, भाव, दर्द की डीजे?" आमच्यासारख्यांना या चारांत आयुष्य बसवताना जरा जड जायचं. मी एकदा 'नाट्यसंगीत' म्हणालो. त्याने वर पाहिलं, क्षणभर विचार केला आणि मला 'दर्द'चा फोल्डर दिला. आज वाटतं, त्याचं फार चुकलं नव्हतं.

या पोराला कुणी चोर म्हटलं असतं तर त्याला नवल वाटलं असतं. तो गाण्याचे पैसे घेतच नव्हता, भरण्याचे घेत होता. गिरणीवाला गव्हाचे पैसे घेतो का? दळणाचे घेतो. फक्त इथे गहू गिऱ्हाइकाचाही नव्हता आणि गिरणीवाल्याचाही नव्हता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. कॉपीराइट कायद्याचं ६३ वं कलम यासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगतं. वीस रुपयांच्या धंद्याला! अधूनमधून धाड पडायची, कॉम्प्युटर उचलला जायचा, पंधरा दिवसांनी पाटी पुन्हा हजर. 'गाणी' पुसून तिथे 'डाउनलोडिंग' लिहिलेलं, एवढीच काय ती सुधारणा.

२०१६ साल या बाबतीत मोठं बोलकं आहे. फेब्रुवारीअखेर मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस बंद झालं. महाराष्ट्रातल्या तमाम सुसंस्कृतांनी हळहळ व्यक्त केली. तिथल्या ऐकायच्या छोट्या खोल्यांत तासन्‌तास आपण काय काय ऐकलं, याच्या आठवणींना पूर आला. विकत काय घेतलं, याच्या आठवणी तुलनेने कमी होत्या. दोन महिन्यांनी 'सैराट' आला. सिनेमा करमाळा तालुक्यात चित्रित झालेला, त्याच्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत वाद्यवृंद बसवलेला. व्हायोलिनांचा तो ताफा सातासमुद्रापलीकडे वाजला आणि टपऱ्याटपऱ्यांवर दहा रुपयांत कार्डात उतरला. वरातीत त्याच्यावर जे नाचले, त्यांतल्या कितींनी गाण्याचे पैसे दिले असतील? बेंजोवाल्याला दिले, जनरेटरवाल्याला दिले, घोडेवाल्याला तर आगाऊ दिले.

पण टपरीवाल्याला झोडपणं सोपं आहे, आणि सोपं ते या सदरात करायचं नाही असा माझा नेम आहे. (पाळला जातोच असं नाही.) तेव्हा जरा वरच्या मजल्यावर जाऊ. पुण्यात, सदाशिव पेठेत किंवा पेठ सोडून कोथरूडला राहायला गेलेल्या सदाशिव पेठेत.

तिथे एक काका असतात. प्रत्येक सोसायटीत एक असतात. त्यांच्याकडे चार टीबीची हार्डडिस्क असते आणि तिच्यात कुमारांच्या, मल्लिकार्जुनअण्णांच्या, किशोरीताईंच्या खासगी बैठका असतात. कुणाच्या तरी बंगल्यात, कुणाच्या तरी साठीनिमित्त, तबलजीच्या मागे ठेवलेल्या टेपरेकॉर्डरवर घेतलेल्या. कॅसेटची बाजू बदलेपर्यंत मध्येच एक तिहाई निसटलेली असते. त्या निसटलेल्या आठ सेकंदांबद्दल काका जितके हळवे होतात, तितके उरलेल्या दोन तासांबद्दल होत नाहीत. हे मुद्रण करताना गायकाला विचारलं होतं का? विचारलं असेलही, नसेलही. त्याच्या प्रती काढताना? आता इतक्या वर्षांनी कुणाला विचारणार? काका त्याला पायरसी म्हणत नाहीत, 'संग्रह' म्हणतात. टपरीवाला भरून देतो, काका 'देवाणघेवाण' करतात. "हे कुणाला देऊ नका हं, फक्त तुम्हाला म्हणून देतोय," हे वाक्य मला आजवर तीन जणांनी ऐकवलं आहे. तिन्ही वेळा बैठक तीच होती, आठ सेकंदांसकट.

आणि हेच काका संगीत महोत्सवात 'कृपया ध्वनिमुद्रण करू नये' ही सूचना झाली की समाधानाने मान डोलावतात. तेव्हा शेजारच्या शालीखाली बारीक लाल दिवा लागलेला असतो. सूचनेचंही ध्वनिमुद्रण होतं.

आता न्याय म्हणून सांगायला हवं, की या काकांमुळेच त्या बैठका वाचल्या. कंपन्यांनी तबकडीत मावेल तेवढंच गाणं काढलं. रात्र चढत गेल्यावर गाणं कुठे जायचं, ते शालीखालच्या यंत्रांनी टिपलं. उद्या हे सगळं कायद्याने पुसून टाकायचं म्हटलं तर मी पहिला आडवा पडेन. त्यात माझा स्वार्थ आहे. त्यांतलं एकशेदहा जीबी माझ्याकडे आहे.

तसा हा परस्पर उचलण्याचा प्रकार टेपरेकॉर्डरच्या आधीचा. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत होते. तबकडीसाठी ध्वनिमुद्रण आपल्याकडे १९०२ मध्येच सुरू झालं होतं. तरी त्यांच्या आवाजाची तबकडी मागे उरली नाही. आपली विद्या कुणी परस्पर उचलेल, ही धास्ती त्या पिढीला होतीच. भातखंडे तर शिक्षणाने वकील. त्यांनी घराण्यांनी कुलूपबंद ठेवलेल्या चिजा शेकड्यांनी मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकांत छापून सगळ्यांपुढे ठेवल्या. एखाद्या खाँसाहेबांना तो दरोडा वाटला असेल, तर त्यांना दोष कसा द्यायचा? आज मात्र त्याच पुस्तकांवर पोरं परीक्षांना बसतात. सगळ्याच उचलेगिरीला एका मापाने मोजता येत नाही, ते असं.

तर आता फुकट उतरवून घेणाऱ्यांची बाजू. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "गायकाला कुठे मिळतात हो पैसे? सगळं कंपनीच खाते." यात खोटं फारसं नाही, म्हणून तर ते इतकी वर्षं चालतंय. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांना रॉयल्टी हवी म्हटलं, तेव्हा प्रत्यक्ष रफीसाहेबांनाच ते पटलं नाही. गाण्याचं मानधन घेतलं, विषय संपला, असं त्या भल्या माणसाचं म्हणणं. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पैसे मोजून सिनेमासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता. म्हणजे कवीने शब्द द्यायचे, संगीतकाराने चाल द्यायची आणि दोघांनी गाणं रेडिओवर लागलं की आवाज मोठा करायचा, एवढाच त्यांचा हक्क. रॉयल्टीचा हक्क लिहून घेऊन काढता येणार नाही, ही तरतूद यायला २०१२ उजाडावं लागलं. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. गीतकार खासदार झाला तेव्हा कुठे गीतकाराचं गाऱ्हाणं संसदेत पोचलं. उद्या तबलजींचं पोचायचं असेल तर काय करायचं, ते तबलजींनीच ठरवावं.

कंपन्यांचं पावित्र्यही सर्वांना ठाऊक आहे. दिल्लीच्या दर्यागंजात फळांचा रस विकणाऱ्या घरातल्या गुलशन कुमारांनी कायद्यातली एक फट हेरली : मूळ मुद्रणाला हात न लावता तेच गाणं दुसऱ्या गळ्यातून नव्याने गाऊन घेता येतं. जुनी गाणी नव्या आवाजांत, स्वस्त कॅसेटवर, पानाच्या ठेल्यापासून किराणा दुकानापर्यंत. त्यांच्याच कंपनीचं आज देशातल्या संगीतावर राज्य आहे आणि पायरसीविरुद्ध कडक पहाराही तिचाच असतो. जावई असताना काय काय केलं, ते सासरा झाल्यावर कुणी आठवत बसत नाही.

हे सगळं खरं. पण या इतिहासातून 'म्हणून मी फुकट उतरवतो' हा निष्कर्ष कसा निघतो, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. सावकार कुळाला नाडतो. म्हणून आपण रात्री कुळाच्याच शेतातली कणसं मोडायची आणि सकाळी कुळाला सांगायचं, बघ, तुझ्यासाठी सावकाराला धडा शिकवून आलो.

टपरीवर येणाऱ्याकडे निदान एक बरी सबब होती. त्याच्या गावात कॅसेटचं दुकान नव्हतं, इंटरनेट नव्हतं, कार्ड नव्हतं (क्रेडिटवालं). हिंजवडीतल्या आमच्या भाच्याकडे हे सगळं आहे. गाण्यांच्या अ‍ॅपचे महिन्याला शे-सव्वाशे रुपये मागतात, म्हणून त्याने कुठूनतरी 'मॉड' केलेलं अ‍ॅप आणून बसवलंय. जाहिराती नाहीत, पैसे नाहीत, हवं ते उतरवून घ्या. मी विचारलं, "अरे, पगार किती तुझा?" तो म्हणाला, "मामा, प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे." कोणतं तत्त्व, ते सांगायच्या आत त्याची तीनशे ऐंशी रुपयांची कॉफी आली. स्वतःच्या कंपनीचं सॉफ्टवेअर कुणी असं मॉड करून वापरलं तर? "ते वेगळं," म्हणाला. "त्याच्यामागे आमची मेहनत असते."

मेहनत हा शब्द मराठी माणूस गाण्याच्या बाबतीत 'साधना' असा उच्चारतो. साधनेला पैसे कसे विचारायचे? गवंड्याची मजुरी तासाभरात चुकती होते. गायकाला श्रीफळ, शाल आणि 'तुमच्या गळ्यात साक्षात सरस्वती आहे' हे वाक्य. सरस्वतीचं बँक खातं काढलेलं नसतं, हे गृहीतच.

बरं, आपण पैसे देतच नाही असंही नाही. २०१७ मध्ये सारेगामाने, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीने, कारवां नावाचा रेडिओसारखा दिसणारा डबा काढला. आत पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेली. किंमत सहा हजारांच्या घरात. ती बहुतेक गाणी यूट्यूबवर फुकट पडलेली होती, तरी लोकांनी डबे घेतले. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला कारवां दिला नाही असं घर आमच्या ओळखीत सापडत नाही. मला त्या दिवसांत राहूनराहून आमच्या स्टँडवरचा पोरगा आठवायचा. त्याची कल्पना हीच होती : गाणी भरून मिळतील. फक्त त्याच्याकडे डबा नव्हता आणि हक्कही नव्हते. डब्याने गिऱ्हाईक आलं, हक्क कुणाकडे आहेत हे गिऱ्हाइकाने तेव्हाही विचारलं नाही.

आता माझं स्वतःचं. मध्यंतरी मला सदाचाराचा झटका आला आणि मी एका अ‍ॅपचे वर्षाचे पैसे भरले. रोज रात्री निगुतीने एकेक गाणं उतरवून घेतलं, याद्या केल्या, यादीला 'भैरवी : फक्त पहाटे' अशी नावं दिली. वर्षभराने ते अ‍ॅप बंद झालं. याद्या गेल्या, गाणी गेली, 'आपल्या सोबतीबद्दल आभार' असा ईमेल तेवढा राहिला. वीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी सीडीवरून उचललेली गाणी मात्र जुन्या हार्डडिस्कमध्ये शाबूत आहेत. विकतचं गेलं, चोरलेलं राहिलं. यावर नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी मला पत्र पाठवावं.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. एका छोट्या बैठकीनंतर गायिका स्वतः दाराशी टेबल मांडून उभी होती. टेबलावर तिच्या सीडी, तीनशे रुपयांना एक. रांग लांबलचक होती, पण ती सेल्फीची. एका गृहस्थांनी सीडी हातात घेतली, उलटीसुलटी केली, मागच्या रागांच्या यादीचा मोबाइलवर फोटो काढला आणि जागेवर ठेवून विचारलं, "हे यूट्यूबवर असेल ना?"

"आहे," ती म्हणाली. "कुणीतरी टाकलंय."

मी सीडी घेतली. आमच्या घरात आता सीडी लावायचं यंत्र नाही, त्यामुळे कुणीतरी टाकलंय तेच ऐकतो. पण तीनशे रुपये गेले ते योग्य हातात गेले, एवढं टपरीवर कधी झालं नव्हतं.

वाचकहो, तुम्हाला फुकटच हवं असेल तर कायद्याने सोय ठेवलेली आहे. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. गदिमा १९७७ च्या डिसेंबरात गेले, बाबूजी २००२ मध्ये. म्हणजे गीतरामायणाचे शब्द १ जानेवारी २०३८ ला सगळ्यांचे होतील आणि चाली १ जानेवारी २०६३ ला. तोवर थांबा.