उणे ढाळ

आमच्या बाथरूममधलं पाणी जाळीकडे जात नाही. ते आधी कोपऱ्यात जातं, बादलीला वळसा घालतं, गिझरखालच्या टाइलवर थोडं रेंगाळतं आणि मग दाराखालून हॉलमध्ये येऊन बसतं. जाळी आहे. स्टीलची, नवी, झुरळं वर येऊ नयेत म्हणून आतून झडप असलेली. झुरळं येत नाहीत. पाणीही जात नाही.

मुळात तक्रार होती चार टाइल्सची. पोकळ वाजत होत्या. मिस्त्री आले, उकिडवे बसले, दोन रुपयांच्या नाण्यानं टकटक केली आणि मान हलवत म्हणाले, "कुणी केलंय हो ह्ये काम?" हा प्रश्न सगळेच मिस्त्री विचारतात. आधीच्यानंही त्याच्या आधीच्याबद्दल विचारला होता. मग निदान झालं की चार उचकटल्या की शेजारच्या सहा फुटणार, आणि ते डिझाइन मोरबीवाल्यांनी कधीच बंद केलंय, शेड मॅच होणार नाही. तेव्हा सगळीच फरशी काढू. त्यानंतर उचल, त्यानंतर व्हाइट सिमेंट, त्यानंतर "साइटवर हाय, सर". साइट कुठं आहे विचारलं की कधी कुर्डुवाडी रोडला, कधी अकलूजला, कधी नुसतंच "हितंच". तो भाग तुम्हाला पाठ आहे, सोडून देतो.

मी ढाळावर येतो. मी हल्ली ढाळावरच येतो. पाहुणे आले, चहा झाला की मी त्यांना बाथरूमपाशी नेतो आणि एक तांब्या ओतून दाखवतो.

फरशीच्या कामात ढाळाचं माप सुतात सांगतात. आठ सुतांचा इंच. बाथरूमला फुटामागे एक सूत, फार तर दोन. म्हणजे पाच फुटांच्या बाथरूमचा अख्खा प्रश्न सव्वा इंचाच्या आत मिटतो. त्यासाठी लागते पारदर्शक नळी, तिच्यात थोडं पाणी आणि दोन्ही टोकं धरायला दोन माणसं. नळी मिस्त्रींकडे होती. गाडीच्या डिकीत होती आणि शेवटपर्यंत डिकीतच राहिली, कारण "आता मोबाइलमधी ॲप आलंय, सर". त्यांनी फोन टाइलवर ठेवला. पडद्यावरचा हिरवा बुडबुडा मधोमध येऊन थांबला. "बगा, एकदम लेव्हल!" असं ते ज्या आनंदानं म्हणाले, तो आनंद मोडायचं पाप आमच्या आईनं केलं. ती म्हणाली, "अरे, लेव्हल असली तर पाणी जाईल कसं?" मिस्त्री थोडा वेळ आईकडे आणि थोडा वेळ बुडबुड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मावशी, पाणी नव्या फरशीला बिचकतंय. चार-आठ दिस वापरा. वाट धरतंय बगा."

आता, हे कुठं घडतंय ते लक्षात घ्या. टेंभुर्णीत. उजनी धरण हाकेच्या अंतरावर आहे. इथल्या शेंबड्या पोरालाही पाणी कुठून कुठं जातं ते कळतं. धरण भरलं की 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसी मृतसाठा, त्याच्या खाली गेलं की पाणी मायनसमध्ये. हे पाढे इथं पारावर म्हटले जातात. डावा कालवा किती दिवस चालला, भीमा-सीना बोगद्यातून किती सोडलं, पंढरपूरला नदीत किती पोचलं, यावर रसवंतीच्या बाकड्यावर रोज अधिवेशन भरतं. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं तेव्हा लोक घरच्या आजारी माणसाचा ताप सांगावा तसे रोजचा आकडा सांगत होते. बोगदा खोदून भीमेचं पाणी सीनेत नेणाऱ्या तालुक्यात माझ्या बाथरूममधलं पाणी कोपऱ्यापासून जाळीपर्यंत अडीच फूट जाऊ शकत नाही. माझा ढाळ मायनसमध्ये आहे. तो वर यायला पुण्याकडच्या पावसाचाही उपयोग नाही.

माझ्या आजोळी मोरी होती. शाहाबादी फरशीची, चारही कडा झिजलेल्या. तिथं तांब्या ओतला की पाणी नाक्यातून बाहेर पडून मागच्या अळवाला जायचं, कुणाला विचारायचं नाही. आणि आजोळ राहू द्या. मोहेंजोदडोला जाऊ. इसवी सनापूर्वी दोन-अडीच हजार वर्षं लोक घरात न्हाणीघर बांधत होते, पक्क्या विटांची घट्ट जमीन करत होते आणि तिला बाहेरच्या मोरीकडे उतार देत होते. तिथल्या मोठ्या स्नानकुंडाचा तळसुद्धा एका कोपऱ्याकडे उतरता केलेला आहे, पाणी त्या कोपऱ्यातून बाहेर पडावं म्हणून. त्यांच्याकडे मोरबीची चकचकीत टाइल नव्हती, टाइल ॲडेसिव्ह नव्हतं, बुडबुड्याचं ॲपही नव्हतं. होतं काय, तर काम झाल्यावर ओतायला एक तांब्या पाणी! एवढंच करायचं असतं. टाइल बसवायच्या आधी ओता, बसवल्यावर ओता, पैसे घ्यायच्या आधी ओता. फुकट आहे. पण या राज्यात कुणीही, कधीही, काहीही बांधून झाल्यावर तांब्याभर पाणी ओतून बघत नाही. मंगल कार्यालयात हात धुवायला जा, बेसिनखाली तळं असतं आणि नवी पैठणी त्या तळ्यात. नव्या दवाखान्यात पायरी बाहेरून आत उतरती. शाळेत नवं स्वच्छतागृह, त्यात मुली विटांवर पाय ठेवून जातात, आणि हे चित्र बघून कुणाचं पोट ढवळत नाही. गटार रस्त्यापेक्षा वीतभर उंच; मग गटारात पाणी जावं म्हणून रस्ता उंच, मग रस्त्यावरचं पाणी घरात, मग माणूस घराचा उंबरा उंच करतो, आणि शेवटी सगळं गाव पाण्यापेक्षा उंच व्हायच्या शर्यतीत धावत सुटतं. बिलं मात्र सगळी वेळेवर उतरतात. त्यांचा ढाळ चोख असतो. उद्घाटनाला नारळ फोडतात, त्याचं पाणी कुठं वाहत गेलं तेवढं जरी मान्यवरांनी खाली वाकून पाहिलं असतं, तरी निम्मी कामं वाचली असती.

असो. रक्तदाब वाढतो.

मिस्त्री शेवटी आले. त्यांनी हॉलमध्ये उभं राहून, पँट घोट्याच्या वर घेऊन विचार केला आणि तोडगा काढला: दाराला ग्रॅनाइटची पट्टी. "मंग हॉलमधी यायचा विषयच न्हाय." पट्टी बसली. विषय खरंच मिटला. पाणी आता बाथरूममध्येच थांबतं. सकाळी पहिली अंघोळ झाली की पट्टीपासून गिझरपर्यंत फुगवटा तयार होतो, आणि शेवटची अंघोळ माझी असल्यामुळे मी बॅकवॉटरमध्ये उभा असतो. उजनीच्या बॅकवॉटरवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, लोक भिगवणला होड्या करून बघायला जातात. आमच्याकडे सध्या साबणाची वडी तरंगते.

ढाळाचं काय, असं मी हिशेबाच्या वेळी पुन्हा विचारलं. ढाळ काढायचा तर सगळी फरशी परत फोडावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. मजुरी वेगळी. आणि यावेळी शेड मॅच होईल याची खात्री नाही.

मी गप्प बसलो. मिस्त्रींना माझी दया आली असावी. पैसे मोजून खिशात घातले, गाडीला किक मारली आणि फाटकाजवळ थांबून ते म्हणाले, "सर, एक वायपर घिऊन टाका, चांगला, ॲल्युमिनियमच्या दांड्याचा. दोनच घ्या. पट्टी निघाली तर हॉलला एक लागंल."